रफार दिसला पाहिजे

खडे बाजारात, इराण्णा हुक्केरीच्या दुकानात
मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला
आणि म्हटलं, सिनेमा दाखवू नकोस,
ही पत्रिका उघड.
खानापुरात डीटीपी करते मी, बावीस वर्षं.
लग्नं, बारसी, दुःखाच्या चिठ्ठ्या, सोसायटीचे अहवाल,
वर मराठी खाली कानडी, नाहीतर वर कानडी खाली मराठी,
गिऱ्हाईक सांगेल तसं.

त्यानं उघडली.
सेकंडहँड लॅपटॉप, चौदा इंच,
अक्षरं राजगिऱ्याएवढी.
मी चष्मा वर केला, खाली केला, मान पुढं काढली.
सण्ण आतु, म्हटलं.
दोड्डदु माडली? म्हणाला तो,
आणि एकोणीसशे वीसचं तेराशे सहासष्ट केलं.

सगळं मोठं झालं
आणि सगळं ओलं.
टिपकागदावर शाई पसरावी तसे काने फुगले,
शिरोरेषा कुठं एकपदरी, कुठं दुपदरी,
'लक्ष्मी'तला क्ष म्हणजे नुसती गाठ.
आणि कानडी अक्षरांखाली लोंबणारे ते ओत्तु,
कार्यालयाच्या दारात पाहुण्यांच्या चपला
पायानं एका बाजूला सारल्यासारखे.

ब्याड, इराण्णा.
तुला सूर्याजीची गोष्ट सांगितली नाही मी.
नंदगडचा नवरदेव. जुन्या मॉनिटरवर
रफार होता की नव्हता, देव जाणे,
मला वाटलं, आहे.
छापून आलं 'चि. सूयाजी'.
चारशे पत्रिका.
त्याची आत्या दुकानात आली, भांडली नाही,
नुसतं वाचलं, मोठ्यानं, दोनदा.
बत्तीसशे रुपये गल्ल्यातून गेले ते गेले,
पण तो 'सूयाजी'
अजून मशीन सुरू केलं की कानात येतो.

इराण्णा हसला नाही. स्टूल पुढं ओढलं.
बघा अक्का,
काचेत ठिपके मोजून बसवलेत कंपनीनं.
आडवे एकोणीसशे वीस, उभे हजार ऐंशी.
रबराचे न्हाईत ते.
तुम्ही तेराशे मागितले तर
एकाचं सोंग दीड जणानं काढायचं.
अर्धा माणूस आणायचा कुठनं?
म्हणून पुसट होत्यात की.
ठिपके आहेत तेवढे असू देत,
अक्षर वाढवा.

'शिफारस केलेले' वर त्यानं परत टिचकी मारली
आणि दुसऱ्या चौकटीत
शंभराचं सव्वाशे.

आला रफार.
विळ्याच्या पात्यासारखा, कान्याच्या डोक्यावर.
ओत्तु एकेक सुटे झाले.
मला हाव सुटली, म्हटलं, दीडशे कर.
दीडशेला पत्रिकेचा तळ पडद्याबाहेर गेला,
आणि तळालाच तर मावशांची नावं असतात,
एक सुटली तर वर्षभर अबोला.
सव्वाशेच ठेव बाबा.

उजव्या कोपऱ्याजवळ चार ठिपके मेलेले होते.
त्यानं आपणहून दाखवले, पाचशे कमी केले.
सेटिंग काय पण ठेवा अक्का,
हे इथंच असणार.

आता रात्रीचे नऊ.
नवरी बैलहोंगलची, नवरा आमच्या बाजारपेठेतला,
दोन्हीकडच्यांना दोन्ही लिप्यांत सगळी नावं हवीत,
आणि उद्या सकाळी छापायला द्यायचंय.
मी हातभर लांब बसलेय,
चष्मा नाकावर एकाच जागी.
कानडी झालं. मराठीत मावशांपर्यंत आले.
शेवटचं नाव मंदाकिनी. म वर टिंब, ठळक.
जरा जास्तच ठळक.

ओळ बोटभर वर सरकवते.
नाव वर जातं,
टिंब तिथंच.

म्हणजे मंदाकिनीचं टिंब
द्यायचं राहिलंय.